जवसाच्या तेलातली शाई

पहिला नंदी बिघडला तेव्हा मला वाटलं, ब्रशात पाणी जास्त झालं असेल. दुसरा बिघडला तेव्हा मी कागदाला दोष दिला. तिसऱ्या नंदीच्या पाठीवर पिवळा रंग टेकवला, तशी शिक्क्याची जांभळी रेघ फुटली आणि पाठीवरून पोटापर्यंत उतरली. मग मात्र माझा हात थांबला. समोर चाळीस कार्डांवर शिक्के मारून झाले होते.

"वहिनी, नंदी जांभळा का व्हायलाय?" सुवर्णानं विचारलं.

"शाई फुटायलीय गं."

"मग आता?"

सुवर्णा माझी नणंद. लग्न तिचंच होतं, मे महिन्याच्या बारा तारखेला. साल शहाऐंशी. तिच्या लग्नाच्या पत्रिका मी हातानं करून देईन असं मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं. जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून ब्लेडनं नंदी कोरला, दुसऱ्या तळव्यातून तोरण कोरलं. शिक्का मारायचा, आत जलरंग भरायचे आणि खाली सुवाच्य अक्षरात मजकूर लिहायचा, असा बेत होता.

शाई जांभळी घेतली त्याला कारण होतं. माझे सासरे पोस्टमास्तर. आमच्या घरात जांभळ्या गोल शिक्क्याइतकी भरवशाची गोष्ट दुसरी नव्हती. तो पासबुकावर पडला की माणूस निश्चिंत होऊन घरी जायचा. ज्या शिक्क्यावर अख्खं गाव विश्वास ठेवतं तो दोन थेंब पाण्यानं फुटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुकानातून नवं जांभळं पॅड आणलं आणि धडाधड शिक्के मारत सुटले.

माझं लग्न होऊन चौदा महिने झाले होते. एवढ्या काळात मी सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नाही, आमच्याकडे तशी रीतच होती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर कपाळापर्यंत घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. घरातले सगळे त्यांना अप्पा म्हणत; सुनेनं मामा म्हणायचं, पण म्हणायची वेळच येत नसे. अप्पांना मला काही सांगायचं असलं की ते सुवर्णाला सांगत, "त्यांना म्हणावं, कंदिलाची काच पुसून ठेवा." मी तीन हातांवर उभी असे, सगळं ऐकत असे, तरी सुवर्णा मान वळवून मला सांगे, "वहिनी, कंदिलाची काच." माझं उत्तरही तिच्याच तोंडून जाई. सुवर्णा घरात नसली तर मी बांगड्या वाजवायच्या. होकाराला एकदा, नकाराला दोनदा. आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नसे.

ह्या पत्रिकांमागे माझा एक डाव होता. माझ्या गादीखाली एक फॉर्म होता. लातूरच्या एका संस्थेत चित्रकला शिक्षकाचा दोन वर्षांचा कोर्स होता. गावच्या हायस्कुलातले चित्रकलेचे सर दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. माझी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा अ श्रेणीत झालेली. सगळा फॉर्म भरून तयार होता, फक्त 'कुटुंबप्रमुखाची सही' ही जागा कोरी होती. आमच्या ह्यांना, म्हणजे विश्वनाथांना, मी विचारून पाहिलं होतं. ते उदगीरकडे एका शाळेत मास्तर, रविवारी घरी यायचे. ते म्हणाले, "माझी ना नाही. पण अप्पांना तूच विचार. मला नाही धाडस व्हायचं." ज्या माणसाशी बोलायचीच बंदी त्याला विचारायचं कसं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून मी ठरवलं होतं, पत्रिका इतक्या देखण्या करायच्या की अप्पांनी आपणहून सुवर्णाजवळ कौतुक करावं. ते खुशीत असले की सुवर्णा फॉर्म पुढे करणार. फॉर्म तीस तारखेच्या आत लातूरला पोचायला हवा होता आणि त्या दिवशी होती एप्रिलची एकोणीस. पत्रिका बावीसला टपालात पडायला हव्या होत्या.

आमच्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या पापडाचं पीठ घेऊन बाहेर आल्या आणि कार्डांकडे पाहून थबकल्या.

"हे काय? नंदीला शाई पाजलीस का काय?"

"आई, सुधारंल ते," सुवर्णा म्हणाली.

"काय सुधारायचंय? मी म्हणलं होतं, लातूरला छापून घ्या. माझं ऐकतंय कोण! सोयऱ्यांच्या घरी असली पत्रिका गेली तर ते म्हणतील, पोरीच्या घरी शाईचं भांडं सांडलं. लग्न झालं की ती रंगाची पेटी माळ्यावर टाक बाई. संसारात असले पोरखेळ पुरे."

त्या आत गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कार्डावर पडून आणखी एक नंदी वाया जाऊ नये म्हणून मी मागे सरकले.

मग आम्ही दोघींनी दुसऱ्या शाया शोधल्या. पेनातली निळी-काळी घेऊन पाहिली, ती पाण्याशी भेटताच हिरवट होऊन पसरली. सुवर्णा शेजारच्या आडत दुकानातून पोत्यांवर मार्का मारायची शाई वाटीत घेऊन आली. ती पाण्याला हलली नाही. आम्ही दोघी टाळ्या पिटणार, तेवढ्यात प्रत्येक रेघेभोवती तेलकट कडा उमटायला लागली. घरभर रॉकेलचा वास सुटला. थोड्या वेळात नंदी भज्यांच्या कागदावर काढल्यासारखा दिसायला लागला.

दुपारी अप्पा जेवायला आले. मी चुलीजवळ पाठमोरी बसले होते. सुवर्णानं बाहेर सगळी कहाणी सांगितली आणि म्हणाली, "अप्पा, तुमच्या पोस्टात तिकिटांवर मारायची काळी शाई असती ना, ती आणा की चमचाभर."

"ती सरकारची आहे."

"चमचाभर, अप्पा!"

"चमचाभरबी सरकारचीच असती." घास गिळून ते म्हणाले, "जांभळी शाई पाण्यातली असती. ती कागदपत्रांसाठी. काळी तेलातली असती. लोक तिकीट धुऊन परत चिकटवत होते, म्हणून ती न धुतली जाणारी केलेली. त्यांना म्हणावं, पाण्यातल्या शाईवर पाणी चालवू नका."

सुवर्णानं मान वळवून मला सांगितलं, "वहिनी, पाण्यातल्या शाईवर पाणी चालवू नका."

मी बांगड्या एकदा वाजवल्या. मनात म्हटलं, झालं, आता सगळं संपलं. आणलेल्या शंभर कार्डांपैकी साठच कोरी उरली होती. ती बिघडली तर सही तर सोडाच, मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

दुसरा दिवस रविवार. हे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला तिकडेच थांबले होते. सुवर्णाला गल्लीच्या टोकाला केळवण होतं, ती नटूनथटून गेली. आत्याबाई शेजारी पापड लाटायला गेल्या. घरात मी, अप्पा आणि अंगणात बांधलेली कालवड, एवढेच उरलो.

मी आत भांडी लावत होते. अंगणातून काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून दाराआडून पाहिलं, तर अप्पा उकिडवे बसलेले. एका बाजूला चिमणी भडकवून पेटवलेली, तिच्यावर तांब्याची परात पालथी धरून काजळी धरलेली. दुसरीकडे तीन विटांवर जवसाच्या तेलाची कढई. तेलातून धूर निघत होता. आणि पुढ्यात आत्याबाईंचा पाटा-वरवंटा. काजळी पाट्यावर घेऊन अप्पा ती वाटायला लागले होते. त्यांच्या नाकावर, कपाळावर काळे पट्टे उठले होते. पोस्टात कडक इस्त्रीचा सदरा घालून बसणाऱ्या माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांना मी दिसले. त्यांनी लगेच तोंड कालवडीकडे वळवलं.

"कालवडे," अप्पा म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात दोन महिने शाई आली नव्हती. आमच्या थोरल्या मास्तरांनी मला ही करायला शिकवली. तेल आधी चांगलं आटवायचं. कच्चं तेल घातलं की कागदावर कडा उठती. आडतवाल्याचं तेच चुकतंय. म्हणावं, घोंगडीचा तुकडा लागंल."

कालवडीनं कान हलवला. मी घोंगडीचा तुकडा आणून पायरीवर ठेवला.

"म्हणावं, बशी."

मी बशी ठेवली.

"म्हणावं, शिक्का आणि दोन-चार बिघडलेली कार्डं."

त्यांनी घोंगडीची चौपदरी घडी बशीत बसवली, वर बोटानं थोडीशी शाई चोळली. इतकी थोडी की मला वाटलं, ह्यानं काय होणार. शिक्का त्यांनी पायरीवर माझ्या बाजूला सरकवला. मी बिघडलेल्या कार्डाच्या मागच्या बाजूला नंदी उठवला. रेघ बारीक आणि काळीभोर आली. अप्पांनी त्यावर जुनं वर्तमानपत्र दाबून जास्तीची शाई टिपली.

"कालवडे, म्हणावं, आता पाणी."

मी ब्रश बुडवून नंदीच्या पाठीवरून फिरवला. पाणी रेघेपाशी आलं आणि थांबलं. पिवळा रंग भरला. झुलीत लाल भरला. मुद्दाम जास्त पाणी घेतलं, रेघेवरून दोनदा ब्रश घासला. नंदी जागचा हलला नाही.

माझ्या तोंडातून "अगंबाई!" निघालं आणि मी पदर तोंडावर दाबला.

अप्पा हसले. तेही कालवडीकडे पाहूनच हसले आणि परत वरवंटा ओढायला लागले. "विचार त्यांना, अजून काही लागतंय का?"

म्हणजे मी बांगड्या दोनदा वाजवायच्या, भांडी लावायला आत जायचं आणि तीस तारीख गेली की फॉर्म चुलीत घालायचा. एवढंच माझ्याकडून अपेक्षित होतं. माझे हात बांगड्यांपर्यंत गेलेही. पण सुवर्णा आठवड्यातून तीन-तीन केळवणं जेवत होती, तिला फॉर्मची आठवण राहिली नव्हती, आणि माझ्यासाठी दुसरं कुणी बोलणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. मी बांगड्यांवरचा हात काढला.

"मामा, मला एक सही पाहिजे."

वरवंटा थांबला. अप्पांनी पाट्यावरची शाई एका कडेला ओढली. मला वाटलं, आता उठून निघून जातील. मग त्यांनी सावकाश कालवडीला विचारलं, "कशावर, म्हणावं?"

मी पळत आत गेले, गादीखालचा फॉर्म काढला आणि पायरीवर ठेवला. अप्पांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतला. मनीऑर्डरचा फॉर्म तपासावा तसं एकेक रकान्यावर बोट ठेवत ते खाली येत होते. शेवटच्या कोऱ्या जागेवर बोट टेकलं आणि त्याच वेळी फाटक वाजलं.

"अगं माय! माझा पाटा!"

आत्याबाई पिठाच्या हातांनी तशाच धावत आल्या. "तुम्हाला वेड लागलं का? चटणीचा पाटा माझा, बाळंतपणात माहेरून आलेला! आता तो काय धुतल्यानं निघंल का?"

"नाही निघायचा," अप्पा खरं तेच बोलले. "ती शाई निघतच नसती."

"आणि ते हातात काय?"

अप्पांनी सांगितलं. लातूर, दोन वर्षं, रोज एसटीनं जाणं-येणं, नंतर हायस्कुलात नोकरीची आशा. ते 'त्यांचं म्हणणं आहे' असंच सांगत होते, मी समोर उभी असून.

आत्याबाई पायरीवर बसल्या. मी शिव्या ऐकायची तयारी केली होती. त्यांनी पदरानं हात पुसले, परत पुसले.

"बारा तारखेला सुवर्णी चालली," त्या म्हणाल्या. "विशू आठवड्यानं येतो. तुम्ही दिवसभर पोस्टात. हीबी सकाळी जाऊन संध्याकाळी येणार. मग मी दिवसभर बोलू कुणाशी? कालवडीशी? तिच्याशी तर तुम्हीच बोलता."

चौदा महिने मी समजत होते की त्यांना माझे रंग डोळ्यांत खुपतात. पेटी माळ्यावर टाक म्हणणारी ही बाई रिकाम्या घराला घाबरत होती, आणि एका छपराखाली राहून मला त्याचा पत्ता नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

"आत्याबाई, मग मी नाही जात," मी म्हटलं. खरंच तसं वाटलं म्हणून म्हटलं.

"तू गप गं," त्या फणकारल्या. "चौदा महिन्यांत मला एकदा तरी म्हणलीस का, मला शिकायचंय म्हणून? मी काय सासरा आहे तुझा? मला तर तोंड आहे ना बोलायला? पण नाही. तू सुवर्णीला सांगणार, सुवर्णी विसरणार. हे सुवर्णीला सांगणार, ती तुला सांगणार. ह्या घरात सगळं निरोपावर चालतंय. आता ती गेल्यावर निरोप कोण नेणार? मी? माझे गुडघे गेलेत. मला नाही व्हायची तुमची टपालकी."

"मग काय करावं म्हणतीस?" अप्पांनी विचारलं.

"सही करायची असंल तर ह्या पोरीला सरळ तोंडानं विचारा, काय विचारायचं ते. आणि हिनं सरळ तोंडानं सांगावं. ते होणार नसंल तर सहीबी नको आणि लातूरबी नको."

"रीत असती बाई. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते पोस्टात येऊन म्हणू द्या."

अप्पांनी घसा खाकरला. कालवडीकडे एकदा पाहिलं, मग हळूहळू मान वळवली. त्या दिवशी मी त्यांचे डोळे पहिल्यांदा नीट पाहिले. घारे होते, अगदी विश्वनाथांसारखे. पोस्टाच्या खिडकीमागून अर्ध्या गावाला दरडावणारा तो माणूस माझ्याशी बोलायला लाजत होता.

"महानंदा," ते म्हणाले.

माझं नाव त्यांना माहीत असेल, हेच मी कधी धरून चालले नव्हते.

"जी, मामा."

"एसटी किती वाजता असती?"

"सव्वासातला."

"परत?"

"सहाला स्टँडवर येते."

त्यांनी मान डोलावली. खिशातलं पेन काढलं. मांडीवर पोस्टाची वही घेऊन, तिच्यावर फॉर्म ठेवून, त्यांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली. फुंकर घालून वाळवली आणि फॉर्म पायरीवर न ठेवता माझ्या हातात दिला.

"सव्वासातला म्हणजे हिला सहाला चूल सोडावी लागणार," आत्याबाई म्हणाल्या. "मग सकाळचा माझा चहा कोण करणार?"

"मी करीन," अप्पा म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. तीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं पाण्याचा तांब्याही हातानं भरून घेतला नव्हता.

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून शिक्के मारले. अप्पा शाई चोळत, मी शिक्का मारी, आत्याबाई वर्तमानपत्र दाबून टिपत. कार्डं माळवदाच्या सपाट छपरावर नेऊन, प्रत्येकावर एक खडा ठेवून उन्हात पसरली. एप्रिलचं ऊन, तासाभरात खडखडीत. संध्याकाळपर्यंत मी रंग भरत होते आणि आत्याबाई शेजारी बसून सांगत होत्या, ह्या नंदीची झूल हिरवी कर, ह्याची निळी कर, सगळे एकसारखे बैल कधी बघितलेस का तू? साठातली तीनच कार्डं वाया गेली, तीही कालवडीनं तोंड घातलं म्हणून. बाकी बावीस तारखेला टपालात पडली. फॉर्मही त्याच दिवशी रजिस्टर झाला. पावती अप्पांनी स्वतः फाडून माझ्याकडे दिली आणि खिडकीतून, चार लोकांसमोर म्हणाले, "महानंदा, जपून ठेव."

मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. मुलांना शिक्क्यांची कार्डं करायला लावायची तेव्हा कुठल्या शाईवर पाणी चालतं आणि कुठल्या नाही, हे आधी सांगायची. पण मला जे मिळालं ते शाईपेक्षा फार मोठं होतं. त्या दोघांनी, ज्या वयात माणसं आपल्या सवयीची भांडीसुद्धा बदलत नाहीत त्या वयात, माझ्यासाठी बोलण्याची रीत बदलली. त्यांचे उपकार फेडायचे म्हटलं तरी फिटणार नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

चहा अप्पांनी दोन्ही वर्षं केला. त्यात साखर फार पडायची. आत्याबाई रोज नावं ठेवायच्या आणि रोज कप रिकामा करायच्या. आणि संध्याकाळी सहाला एसटी स्टँडवर शिरली की खिडकीतून मला त्या दिसायच्या, तसलेच गेलेले गुडघे घेऊन तेवढं चालत आलेल्या, खांबाला टेकून उभ्या. मी खाली उतरले की माझ्या हातातली पिशवी ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता सांग. सकाळपासून सांग."